चार अधिक तीन

“एफ वाजत नाही, बाकी सगळं ओके आहे!”

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या कीबोर्डची ओळख मला या एका वाक्यात करून दिली गेली. कोणा एका सीनिअरने पास-आऊट होताना हा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड इथेच सोडला, कारण ट्रेनच्या बर्थखाली तो मावेना. तेव्हापासून टीव्हीच्या शेजारी जुन्या बेडशीटखाली तो पडून होता. त्याच्यावर लोकांनी काय काय ठेवलं म्हणून सांगू! ओले सॉक्स, सबमिशनच्या फाइली, एकदा तर अख्खा ड्रॉइंग बोर्ड. वाजवत मात्र कोणी नव्हतं.

मग मी का वाजवायला लागले? खरं सांगू? वेळ होता म्हणून. एम-थ्री आणि तिच्या दोन-तीन भावंडांनी मिळून गेल्या वर्षी मला वायडी केलं. माझ्या बॅचच्या मुली टी.ई.ला गेल्या, मी एस.ई.तच राहिले. बाबा फोनवर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं “बरं” म्हणाले. रेक्टर मॅडमनी रूम राहू दिली (मॅडम, थँक्यू!), क्लास लावला, आणि उरलेल्या वेळात करायचं काय हा प्रश्न उरला. सगळ्या जणी कॉलेजला गेल्यावर दुपारी हॉस्टेल किती शांत असतं हे वायडी झाल्याशिवाय कळत नाही.

असो! रडगाणं पुरे. हा लेख पियानोच्या कॉर्ड्सबद्दल आहे, आणि ज्यांनी आजवर कधी एकही पट्टी दाबलेली नाही त्यांच्यासाठी आहे. एक कबुली आधीच देते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घाला. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये खराखुरा पियानो होता. प्रार्थनेच्या वेळी सिस्टर वाजवायच्या आणि मी दुसऱ्या रांगेतून त्यांच्या हातांकडे बघत राहायचे. पण शिकायची फी वेगळी होती, आणि ती घरी मागायची माझी हिंमत झाली नाही. त्यामुळे विसाव्या वर्षी, एक पट्टी मेलेल्या कीबोर्डवर, मी शून्यापासून सुरुवात केली.

आधी नकाशा

कीबोर्डसमोर बसलात की पांढऱ्या पट्ट्या विसरा, काळ्या बघा. त्या दोन, तीन, दोन, तीन अशा गटांनी बसलेल्या असतात. दोनच्या गटाला लागून डावीकडे जी पांढरी पट्टी येते ती सी. तिथून उजवीकडे पांढऱ्यांवरून चालत गेलं की सी, डी, ई, एफ, जी, ए, बी आणि पुन्हा सी. आपले पेटीवाले यांनाच पांढरी एक, पांढरी दोन असं म्हणतात आणि काळ्यांना काळी एक ते काळी पाच. सात पांढऱ्या, पाच काळ्या, एकूण बारा. तेरावी पट्टी म्हणजे पुन्हा पहिलाच स्वर, फक्त वरच्या सप्तकातला. कीबोर्ड कितीही लांब असो, पाठ करायच्या पट्ट्या बाराच. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

सी ला सा मानलं तर पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ सा रे ग म प ध नी मिळतं, सगळे शुद्ध स्वर. म्हणजे शाळेत पेटीवर जे शिकलो तेच.

आता कॉर्ड म्हणजे काय? तीन किंवा जास्त स्वर एकाच वेळी वाजवले की झाली कॉर्ड. आपल्या संगीतात मुख्य गंमत स्वर एकामागून एक कसे येतात त्यात असते, मागे तंबोरा एका जागी धरून ठेवतो. पाश्चात्त्य संगीतात त्याबरोबर स्वर एकमेकांच्या डोक्यावरही उभे राहतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर एक्स-अॅक्सिसवर वेळ घ्या, वाय-अॅक्सिसवर स्वराची उंची. चाल म्हणजे आडवा जाणारा कर्व्ह, आणि कॉर्ड म्हणजे एका क्षणी मारलेली उभी रेघ, तिच्यावर तीन ठिपके.

चार अधिक तीन

हे तीन ठिपके कुठे ठेवायचे याचा नियम इतका सोपा आहे की मला राग आला. एवढ्यासाठी मी शाळेत दहा वर्षं नुसती बघत बसले?

कुठलीही एक पट्टी घ्या. तिथून उजवीकडे चार पट्ट्या मोजा, काळी-पांढरी भेद न करता. सुरुवातीची पट्टी मोजायची नाही! (मी पहिल्या दिवशी मोजली आणि जे वाजलं ते ऐकून शेजारच्या रूमचं दार बंद झालं.) मग तिथून आणखी तीन मोजा. या तीन पट्ट्या एकदम दाबा. झाली मेजर कॉर्ड.

सी पासून करून बघू. काळी एक, डी, काळी दोन, ई, म्हणजे चार झाल्या. मग एफ, काळी तीन, जी, म्हणजे तीन. सी, ई, जी. आपल्या भाषेत सा, ग, प. हीच सी मेजर.

आता उलटं करा, आधी तीन आणि मग चार. सी, काळी दोन, जी. म्हणजे सा, कोमल ग, प. ही सी मायनर. दोन्हींत सा तोच, प तोच. बदलली फक्त मधली पट्टी, तीही एका घराने. पण एक वाजवली की खिडकी उघडल्यासारखं वाटतं आणि दुसरी वाजवली की संध्याकाळ होते. मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी असं पुस्तकात लिहितात, पण तो काही कायदा नाही. मायनरमध्ये नाचायची गाणी ढिगाने आहेत. मी एवढंच म्हणेन की कॉर्डचा स्वभाव मधल्या स्वरात असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मेसच्या काकू येणार आहेत.

बारा पट्ट्या, प्रत्येकीवर एक मेजर आणि एक मायनर, म्हणजे चोवीस कॉर्ड्स एका नियमात बसल्या. फॉर्म्युला एकच, व्हॅल्यू घालत जा!

अजून एक शॉर्टकट. फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर “एक दाबा, एक सोडा” असं करत तीन पट्ट्या धरा आणि हाताचा आकार तसाच ठेवून एकेक घर सरकत जा. सी, एफ आणि जी वर आपोआप मेजर मिळते. डी, ई आणि ए वर आपोआप मायनर. का? तर ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, त्यामुळे कुठे चार-तीन पडतात, कुठे तीन-चार. बी वर मात्र तीन आणि तीन येतात. तिला डिमिनिश्ड म्हणतात, ती ऐकून पोटात गोळा येतो. सुरुवातीला तिला लांबून नमस्कार करा.

कानाला गोड का लागतं?

इथे आमच्या ब्रँचच्या लोकांनी लक्ष द्यावं. (बाकीच्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, व्हायव्हात विचारणार नाहीत.)

तीन स्वरांच्या फ्रिक्वेन्सी ४:५:६ अशा प्रमाणात असल्या की कानाला ते एकजीव वाटतात. मेजर कॉर्ड याच्या अगदी जवळ जाते, पण बरोबर तिथे पोचत नाही. कारण कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकात फ्रिक्वेन्सी दुप्पट होते, म्हणून प्रत्येक पायरीचा गुणक दोनचं बारावं मूळ, म्हणजे साधारण १.०५९५. मधल्या ए ला ४४० हर्ट्झ धरून हिशोब केला तर सी २६१.६३, ई ३२९.६३ आणि जी ३९२ येतो. ४:५:६ प्रमाणे ई ३२७.०४ च्या आसपास असायला हवा होता. म्हणजे कीबोर्डचा ‘ग’ जवळजवळ अडीच हर्ट्झने चढा आहे.

एवढ्याने काय होतं? सी चा पाचवा हार्मोनिक १३०८ च्या जवळ पडतो, ई चा चौथा १३१८ च्या वर. दोघांच्या भांडणातून सेकंदाला दहाएक बीट्स तयार होतात, आणि तेवढी थरथर कॉर्डमध्ये कायम राहते. सा-प मध्ये हीच गोष्ट सेकंदाला जेमतेम एक बीट इतकी कमी असते. म्हणून कीबोर्डवर सा-प एकदम शांत वाटतं आणि ग घातला की त्यात किंचित खडा लागतो. आपल्या गवयांचे कान तयार, त्यांना हे खुपणारच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. त्यामागे पेटीवर मींड निघत नाही ही तक्रार होती, तशीच तिच्या ठोकळेबाज स्वरांचीही होती.

मग सारखे बारा भाग करायचेच कशाला? कारण त्यामुळे कुठल्याही पट्टीला सा मानता येतं आणि चार अधिक तीन सगळीकडे सारखंच वाजतं. थोडी थोडी चूक सगळ्यांत वाटून टाकली, कोणालाच शंभर टक्के मिळालं नाही, पण सगळे पास झाले!

आणि आपले कान कॉर्ड्सना अनोळखी आहेत असं समजू नका. जुनी हिंदी गाणी ऐकत मोठे झालेले आपले आजी-आजोबासुद्धा कॉर्ड्स ऐकतच मोठे झालेत. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याहून आलेले वादक आणि अरेंजर होते. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं जायचं, तिथून ही मंडळी तयार होऊन आली. संगीतकाराची चाल आडवी जायची आणि तिच्याखाली उभे स्वर लिहायचं काम हे लोक करायचे. शंकर-जयकिशनच्या ऑर्केस्ट्रामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवायचे, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात ज्यांचं नाव आहे ते हेच. नाव सगळ्या देशाला पाठ, माणूस कोण ते मलाही आत्ता आत्ता कळलं.

समजलं, पण येईना

वर लिहिलेलं सगळं मला पहिल्या दोन दिवसांत समजलं होतं. अगदी नीट. वहीत चोवीस कॉर्ड्सचा तक्ता केला, त्याला रंग दिले, रूममेटला लेक्चर दिलं. मग सी मेजर वाजवली. छान वाजली. मग जी मेजर वाजवायला हात उचलला आणि... बोटं हवेतच राहिली. खाली बघायचं, मोजायचं, अंगठा ठेवायचा, मग मधलं बोट, मग करंगळी. तोवर गाणं पुढच्या स्टेशनला पोचलेलं!

तेव्हा मला एम-थ्रीचा पेपर आठवला. परीक्षेच्या आधी मी सोडवलेली गणितं वाचत होते. प्रत्येक स्टेप समजत होती, मान हलत होती. पेपरमध्ये गणित समोर आलं तेव्हा ते अगदी ओळखीचं वाटलं, आणि पेन मात्र हलेना. मी सगळ्यांना सांगत फिरले, “मला सगळं येत होतं गं, काय झालं कळलं नाही!” कॉमन रूममध्ये त्या दुपारी कळलं काय झालं ते. मला येत नव्हतं, मला समजत होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीवरून पहिलीकडे जायला फक्त हाताचा रस्ता आहे.

तर हाताबद्दल. स्टूल इतकं उंच घ्या की कोपर साधारण पट्ट्यांच्या लेव्हलला येईल. (आम्ही खुर्चीवर दोन उशा ठेवतो.) बोटं किंचित वाकलेली, हातात लिंबू धरल्यासारखी. मनगट ताठ नको. अंगठा एक नंबर, करंगळी पाच. उजव्या हाताने कॉर्ड धरताना एक, तीन, पाच ही बोटं. डाव्या हाताने पाच, तीन, एक. तिन्ही पट्ट्या एकाच क्षणी खाली गेल्या पाहिजेत. सुरुवातीला करंगळी उशिरा येते, ती सगळ्यांचीच येते. दुखायला लागलं तर थांबा. थकवा चालेल, दुखणं चालणार नाही.

मग सगळ्यात मोठी युक्ती, जी मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. कॉर्डचे तीन स्वर कुठल्या क्रमाने ठेवायचे याची सक्ती नसते. सी, ई, जी असो किंवा ई, जी, सी, कॉर्ड सी मेजरच. याला इन्व्हर्जन म्हणतात. याचा फायदा बघा. सी वरून एफ मेजरला जायचं आहे. एफ मध्ये एफ, ए, सी हे स्वर. मग सी वरचा अंगठा हलवायचाच कशाला? तो तिथेच ठेवा, ई वरचं बोट एका घराने एफ वर न्या, जी वरचं ए वर. सी वरून जी मेजरला जाताना जी वरची करंगळी तशीच ठेवा, ई वरचं बोट डी वर आणा, सी वरचा अंगठा बी वर. पूर्वी मी अख्खा हात उचलून उडी मारत होते, आता बोटं नुसती कूस बदलतात. आणि कानालाही तेच जास्त गोड लागतं, कारण एक स्वर दोन्ही कॉर्ड्सना धरून ठेवतो. (आमचा मधला एफ मेलेला असल्यामुळे मला हे सगळं एक सप्तक खाली करावं लागलं. काही बिघडलं नाही.)

डाव्या हाताने फक्त कॉर्डच्या नावाचा स्वर खाली एकटा वाजवा. सी मेजर असेल तर सी. तेवढ्याने आवाजाला पाया येतो. मग सी मेजर, जी मेजर, ए मायनर, एफ मेजर या चार कॉर्ड्स याच क्रमाने, प्रत्येकी चार ठोके, गोल गोल फिरवा. या चारांवर जगभरातली इतकी गाणी उभी आहेत की तुम्हालाच कुठलं तरी गाणं आठवायला लागेल.

माझा रोजचा कार्यक्रम लिहिते, हवा तर झेरॉक्स करा. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. मोबाइलवर मेट्रोनोम साठ वर. पहिली पाच मिनिटं फक्त दोन कॉर्ड्स, एकीवरून दुसरीवर. पुढची पाच मिनिटं चार कॉर्ड्सचं चक्र. शेवटची पाच मिनिटं जे मनात येईल ते. दोन नियम: चुकलं तरी थांबायचं नाही, पुढचा ठोका पकडायचा, आणि न अडखळता होत नाही तोवर वेग वाढवायचा नाही. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी पुढे नेतात. (हे मला बाबा एम-थ्रीबद्दल पहिल्यापासून सांगत होते. असो.)

कीबोर्डवर एक ऑटो-ऱ्हिदमचं बटण असतं. एक बोट ठेवा, मागे अख्खा बँड वाजतो. पहिला आठवडा मी त्यातच वाया घालवला. मजा येते, पण शिकतो तो कीबोर्ड, आपण नाही.

एक फरक पेटीवाल्यांसाठी. पेटीत हवा भरत राहिलात की स्वर टिकतो. पियानोत तार हातोडीने ठोकली जाते, म्हणून स्वर जन्मल्याबरोबर मावळायला लागतो. हे यंत्र इटलीत फ्लोरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या आसपास बनवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होऊ लागला, म्हणून नाव पडलं पियानो-फोर्ते, हळू-मोठा. तेव्हा कॉर्ड धरून बसून राहू नका. स्वर विरायच्या आत पुन्हा ठोका द्या, नाहीतर तिन्ही स्वर एकामागून एक सोडवून वाजवा. आणि कीबोर्ड विकत घेणार असाल तर असा बघा की ज्याच्या पट्टीला बोटाचा जोर कळतो. सुरुवातीला ६१ पट्ट्या भरपूर झाल्या.

काकू आणि काळी चार

आषाढी एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी असते आणि संध्याकाळी मेसच्या काकू अभंग म्हणतात, हे हॉस्टेलला सांगायला नको. यंदा कोणीतरी पिल्लू सोडलं, “काकू, ही पियानो वाजवते, साथ करेल!” झालं. कीबोर्ड उचलून मेसमध्ये आला.

मी विचारलं, “काकू, कुठल्या सुरात म्हणणार?” माझ्या मनात सी, एफ, जी. काकू म्हणाल्या, “आमच्या गावच्या भजनात बुवा मला काळी चार द्यायचे बघ.”

काळी चार! मी त्या पट्टीवरून आयुष्यात काही वाजवलं नव्हतं. पण फॉर्म्युला होता. काळी चारपासून मोजलं, चार आणि मग तीन. काळी चार, वरची पांढरी एक, वरची काळी दोन. दाबलं. काकूंनी सा लावला, बरोबर बसला. मला धन्य वाटलं. दुसऱ्या ओळीला काकू थांबल्या.

“बाळा, काहीतरी टोचतंय गं. ते तुझं मधलं बोट उचल बघू.”

मेसमध्ये जे हसू फुटलं ते विचारू नका. काकूंना कळेना एवढं हसण्यासारखं काय झालं. मी लाल होऊन मधलं बोट (पट्टीवरून!) उचललं. उरला फक्त सा आणि प, तंबोऱ्यासारखा. काकू म्हणाल्या, “आता कसं!” आणि गायला लागल्या.

गाता गाता मला ऐकू आलं की त्यांच्या अभंगात ग कोमल आहे. मी त्याच्याखाली शुद्ध ग धरून बसले होते. दोन शेजारच्या पट्ट्या एकदम वाजत होत्या, टोचणार नाही तर काय! मी मधलं बोट एक घर डावीकडे घेतलं, पांढरी सातवर, आणि अगदी हळू दाबलं. तीन आणि चार. मायनर. काकू थांबल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघून मान हलवली.

पूर्ण अभंगाला मी ती एकच कॉर्ड वाजवली. दहा मिनिटं, एक कॉर्ड. वहीत मायनरचा तक्ता रंगीत पेनने काढला होता तेव्हा मला तो समजला होता. यायला लागला तो त्या दिवशी, काकूंनी बोट उचलायला लावलं तेव्हा.

त्या रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा मी कीबोर्डवरच होते. “मागे काय वाजतंय?” मी सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शाळेत होता ना गं पियानो? तेव्हा नाही मागितलंस कधी.” मी म्हटलं, “फी वेगळी होती, बाबा.” पुन्हा शांतता. “बरं. आणि एम-थ्री?”

एम-थ्रीची गणितं आता मी वाचत नाही, झाकून ठेवून सोडवते. रोज दोन, साठच्या ठोक्याला. पेपर दिला आहे. अंक छापायला जाईपर्यंत निकाल लागलेला नाही, त्यामुळे या लेखाचा शेवट मला माहीत नाही.

तोवर कीबोर्ड कॉमन रूममध्येच आहे, टीव्हीच्या डावीकडे. कोणीही या, अगदी कधी काही वाजवलं नसेल तरी. दुपारी तीननंतर मी असतेच. फक्त त्याच्यावर सॉक्स वाळत घालू नका, आणि मधला एफ दाबून “बिघडलाय वाटतं” असं म्हणू नका. आम्हाला माहीत आहे.

— एस.ई. (अणुविद्युत व दूरसंचरण), लेडीज हॉस्टेल